इटालियन क्रियापदांतला आघात कुठून आला?

इटालियन शिकताना 'आबितानो' (ते राहतात) या रूपापाशी बहुतेक जण चुकतात. आ-बि-ता-नो ही चार अक्षरं. नवखा माणूस जोर देतो 'ता'वर. खरा जोर (आघात) असतो 'आ'वर, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर, आणि छापील पानावर त्याची खूणही नसते.

याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. वृत्तं शिकलेल्या मराठी वाचकाला ते ओळखीचंच वाटेल, कारण लॅटिनचा आघात लघु-गुरूवर ठरायचा. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर गुरू असलं तर आघात त्यावर, लघु असलं तर त्याआधीच्या अक्षरावर. त्याहून मागे कधीच नाही. 'विदेरे'तला (पाहणे) मधला 'दे' दीर्घ, म्हणून जोर तिथे. 'लेगेरे'तला (वाचणे) 'गे' ऱ्हस्व, म्हणून जोर 'ले'वर.

पुढे बोलण्यातून स्वरांचा हा ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसला गेला. आफ्रिकेतल्या कानांना तो उमगत नाही, असं तिथल्याच संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. नियमाचा पाया गेला, पण आघात जागचा हलला नाही. म्हणून आज इटालियनमध्ये 'वेदेरे' आणि 'लेज्जेरे' यांचा शेवट सारखा, जोर वेगळा. अपवादही आहेतच: 'सापेरे'त (जाणणे) तो पुढे सरकला, 'रीदेरे'त (हसणे) मागे.

आता 'आबितानो'. लॅटिन रूप 'हबितन्त': तीन अक्षरं, 'बि' लघु, आघात 'ह'वर, अगदी नियमाप्रमाणे. शेवटचा 'त' गळला आणि मध्य इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या बोलीत अखेरीस 'ओ' जोडला गेला. 'सोनो' (ते आहेत) या रूपाच्या वळणावर, असं अनेक अभ्यासक मानतात. शब्द एका अक्षराने वाढला, आघात होता तिथेच राहिला, आणि लॅटिनला कधी माहीत नसलेली चौथी जागा तयार झाली.

उलट प्रकार 'कान्तो'चा. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी गातो', शेवटच्यावर दिला तर 'तो गायला'. हे दुसरं रूप 'कन्तावित'मधून आलं. तिथे आघात 'ता'वर होता, त्याच्या पुढचं अक्षर झिजून त्यातच मिसळलं. भविष्यकाळाचं 'कान्तेरो' तर मला फारच सुंदर वाटतं: 'गाणे' आणि 'माझ्याकडे आहे' हे दोन शब्द त्यात एकजीव झाले आहेत, आणि शेवटच्या 'ओ'ने आपला स्वतंत्र आघात सोडलेला नाही.

अशा अन्त्य आघातावर तिरकी रेघ द्यावीच लागते. बाकी ठिकाणी शब्दकोशात 'मी'चं रूप बघायचं: 'आबितो', जोर 'आ'वर. 'ते'चं रूप त्याच्याच मागून चालतं.