ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रिमीलेअर: आठ लाख तेच, हिशेब वेगळा

प्रवेशाचे दिवस आले की सेतू केंद्राच्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "दोन्हीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांचीच, मग ईडब्ल्यूएस काढू की नॉन-क्रिमीलेअर?" ईडब्ल्यूएस म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला, आणि नॉन-क्रिमीलेअर म्हणजे ओबीसीसारख्या मागास प्रवर्गात असून पुढारलेल्यांत मोडत नसल्याचा दाखला. खरं तर इथे निवडीला वावच नाही. तुमची जात आरक्षणाच्या यादीत असेल तर ईडब्ल्यूएस तुमच्यासाठी नाही, मग घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत का असेना. आणि खुल्या प्रवर्गात असाल तर नॉन-क्रिमीलेअरशी तुमचा काही संबंध नाही. तरीही घोळ होतो, कारण आठ लाख हा आकडाच फसवा आहे.

नॉन-क्रिमीलेअर आधीचं. 1992 च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींचं 27 टक्के आरक्षण उचलून धरलं, पण मागास वर्गांतले जे पुढे गेले आहेत त्यांना वगळा, असंही सांगितलं. त्यानुसार केंद्राने 8 सप्टेंबर 1993 ला नियम काढले. तेव्हा उत्पन्नाची मर्यादा एक लाख होती, ती वाढत वाढत 2017 मध्ये आठ लाखांवर आली. या दाखल्यात मागासपण जातीने आधीच मान्य झालेलं असतं. प्रांत कार्यालय फक्त एवढंच लिहून देतं की हे घर अजून 'उन्नत आणि प्रगत' गटात गेलेलं नाही.

ईडब्ल्यूएस आलं जानेवारी 2019 मध्ये, 103 व्या घटनादुरुस्तीने, 10 टक्के. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 3 विरुद्ध 2 मतांनी वैध ठरवलं. इथे सामाजिक मागासपणाचा आधार नाही, हलाखी हा एकमेव आधार. पण हलाखीची रेषा म्हणून घेतला तो मात्र ओबीसींमधले पुढारलेले वगळण्यासाठी ठरलेला आकडा. 2021 मध्ये न्यायालयाने सरकारला विचारलं, हे आठ लाख आले कुठून? मग अजय भूषण पांडे समिती बसली. आकडा तोच असला तरी ईडब्ल्यूएसचे निकष जास्त कडक आहेत, सबब आठ लाख राहू द्या, असं तिने सांगितलं. पहिला भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला तरी पटत नाही.

निकष कडक म्हणजे कसे, ते दोन घरं शेजारी ठेवली की दिसतं. एका घरात आई-वडील दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, जात ओबीसी, दोघांचा मिळून पगार वर्षाला चौदा लाख. शेजारच्या घरात खुल्या प्रवर्गातला बाप खासगी कंपनीत, पगार साडेआठ लाख, आई घरीच. शिक्षकांच्या मुलीला नॉन-क्रिमीलेअर मिळतं, शेजारच्या मुलाला ईडब्ल्यूएस मिळत नाही. व्हॉट्सॲपवरची निम्मी भांडणं इथून सुरू होतात, आणि लगेच "खोटा दाखला काढला असणार" हा आरोप येतो. यात खोटं काहीच नाही. 1993 च्या नियमांत पगार आणि शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या हिशेबात धरत नाहीत. सरकारी नोकरीत बघतात ते पद: आई किंवा वडील थेट वर्ग 1 मध्ये भरती झाले असतील, किंवा दोघेही थेट वर्ग 2 चे असतील, तर मुलं बाद. शिक्षक वर्ग 3 चे. आठ लाख तपासायचे ते व्यवसाय, भाडं वगैरे इतर उत्पन्नावर, आणि तेही लागोपाठ तीन वर्षांचे. (महामंडळं आणि खासगी नोकरीतला पगार कसा धरायचा, हा वेगळाच गुंता, त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालू आहेत.) ईडब्ल्यूएसमध्ये मात्र पगार, शेती, धंदा, सगळं एकत्र मोजतात, आदल्या एका आर्थिक वर्षाचं.

कुटुंब कोणाला म्हणायचं, तेही वेगळं. नॉन-क्रिमीलेअर आई-वडिलांवरून ठरतं. त्यामुळे लग्न झालेली ओबीसी मुलगी परीक्षेला बसली तर तिच्या नवऱ्याचा पगार कोणी विचारत नाही. ईडब्ल्यूएसमध्ये नवरा-बायको, आई-वडील आणि अठरा वर्षांखालची भावंडं-मुलं, सगळी धरतात. कमावता थोरला भाऊ मात्र सुटतो!

जमिनीचा निकष तर वाचूनच कपाळाला हात लावावा. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला पाच एकर किंवा जास्त शेतजमीन चालत नाही, बागायत की जिरायत हा प्रश्नच नाही. जतच्या माळावर सहा एकर कुसळं उगवणारा शेतकरी त्यामुळे बाद होतो. क्रिमीलेअरच्या नियमात निदान हा विवेक आहे: कमाल जमीनधारणेच्या 85 टक्के बागायत असेल तर बाद, आणि निव्वळ कोरडवाहू असेल तर जमिनीची अट लागतच नाही.

सगळ्यात जास्त तारांबळ मराठा घरांची होते. फेब्रुवारी 2024 च्या कायद्याने राज्यात मराठ्यांना एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणून 10 टक्के आरक्षण दिलं. त्याला उच्च न्यायालयात आव्हानही आहे. या कायद्यामुळे राज्याच्या प्रवेशाला आणि भरतीला एसईबीसी दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर लागतं. पण केंद्राच्या ओबीसी यादीत मराठा नाहीत. त्यामुळे त्याच मुलाला जेईई किंवा यूपीएससीसाठी ईडब्ल्यूएस काढावं लागतं. एकाच घरातून एक अर्ज प्रांताकडे, दुसरा तहसीलला. कुणबी नोंद सापडलेल्यांचं निराळं: ते दोन्हीकडे ओबीसी, मग ईडब्ल्यूएस विसरायचं. यूपीएससीत हा फरक थेट वयावर येतो. ओबीसीला तीन वर्षांची सवलत आणि नऊ प्रयत्न, ईडब्ल्यूएसला खुल्या प्रवर्गाइतकंच वय आणि सहा प्रयत्न.

या दोन्हींना लोक सर्रास 'गरिबीचा दाखला' म्हणतात, त्याचं काय करायचं? राज्यात रेशनवरच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात 44 हजार, शहरात 59 हजार. 2019 मध्ये, ईडब्ल्यूएस आलं त्या साली, आठ लाखांच्या जरा खाली कमावणारा माणूस प्राप्तिकराच्या 20 टक्क्यांच्या टप्प्यात होता. तो आणि 59 हजारांवर भागवणारा, दोघेही 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल', आणि जागा त्याच. शिकवणीची फी कोणाला परवडते ते सांगायला नको.

ओबीसींतही तेच. कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या जोडप्याचा मुलगा आणि त्या दोन शिक्षकांची मुलगी, दोघांकडे एकच नॉन-क्रिमीलेअर दाखला असतो. आतल्या या विषमतेवर उत्पन्नाची मर्यादा हा उपाय नाही, कारण पगार तिच्यात येतच नाही. यादीचेच पोटगट पाडावे लागतील. त्यासाठी 2017 मध्ये नेमलेल्या रोहिणी आयोगाने जुलै 2023 मध्ये आपला अहवाल राष्ट्रपतींना दिला आहे.