बोर्डापुढची मुलाखत आणि कंपनीतली मुलाखत

मागे आमच्याकडे ऑपरेशन्सच्या एका जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या. काचेच्या दाराशी एक मुलगी येऊन थांबली. दार उघडंच होतं, तरी तिने टकटक करून ‘मे आय कम इन, सर?’ विचारलं. आत आमचा अठ्ठावीस वर्षांचा टीम लीड टी-शर्टवर बसला होता. सर कोण आले म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. ‘बसा’ म्हटल्याशिवाय ती बसली नाही, आणि बसली ती पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर. मी लगेच ओळखलं. यूपीएससीच्या क्लासमधले मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती! मीही सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं काढली आहेत. माझी पहिली कंपनीची मुलाखत अशीच ताठ बसून वाया गेली होती.

यूपीएससीच्या बोर्डापुढची काय आणि कंपनीतली काय, दोन्हीला मुलाखतच म्हणतात, म्हणून घोळ होतो. एकीची तयारी दुसरीला चालून जाईल असं वाटतं.

यूपीएससीपुरतं बोलायचं तर आयोग तिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. ज्ञान लेखी परीक्षेत तपासून झालेलं असतं. दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये बोर्ड साधारण अर्धा तास गप्पा मारतं ते माणूस जोखायला: विचार स्पष्ट आहेत का, तोल सुटतो का, प्रामाणिकपणा किती. प्रश्न बरेचदा तुम्हीच भरलेल्या अर्जातून, म्हणजे डॅफमधून निघतात. छंद म्हणून ‘ट्रेकिंग’ लिहिलं असेल तर राजगडाच्या माच्या सांगता आल्या पाहिजेत. कंपनीला तुमच्या ट्रेकिंगशी फारसं देणंघेणं नसतं. समोरच्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: सोमवारी ही व्यक्ती रुजू झाली तर माझ्या टेबलावरचं कोणतं काम कमी होईल?

गुणांचं गणितही वेगळं आहे. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५. मुलाखतीला किमान गुणांची अट नाही. एखादं उत्तर फसलं, अगदी सगळी मुलाखत बेताची झाली, तरी लेखीचे गुण तुम्हाला तारू शकतात. कंपनीत बेरीज नसते, चाळण्या असतात. ऑनलाइन टेस्टमध्ये पहिले आलात तरी पुढच्या राउंडला मॅनेजरने नाही म्हटलं की विषय संपला. त्यामुळे ‘सावकाश रंगात येऊ’ ही चैन इथे परवडत नाही. ‘स्वतःबद्दल सांगा’ला जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, शाळा अशी सुरुवात केलीत, तर कामाचं बोलेपर्यंत समोरचा लॅपटॉपवर मेल वाचू लागलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती मात्र समतोल उत्तरांची सवय. टीम लीडने त्या मुलीला विचारलं, ‘दोन पुरवठादार आहेत. एक स्वस्त, पण माल चार दिवस उशिरा देतो. दुसरा महाग, पण वेळेवर. कोणाला ऑर्डर देशील?’ तिने पहिल्याचे फायदे सांगितले, दुसऱ्याचे सांगितले, आणि म्हणाली, ‘सर, दोन्ही बाजूंचा सर्वांगीण विचार करून सुवर्णमध्य साधावा लागेल.’ बोर्डापुढे धोरणाच्या प्रश्नावर हे उत्तर शोभलं असतं. इथे टीम लीडने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि तिने तेच उत्तर थोडं लांबवून दिलं. कोणताही एक पुरवठादार निवडून कारण दिलं असतं तरी आमचं भागलं असतं. ‘माल किती दिवस पुरेल एवढा शिल्लक आहे?’ असा उलटा प्रश्न विचारला असता, तर टीम लीड खूशच झाला असता. बोर्डाला उलटे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कंपनीत ते विचारायचेच असतात. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हाही. ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल?’ एवढं विचारलं तरी पुरे.

‘माहीत नाही’ दोन्हीकडे चालतं. थापा दोन्हीकडे पकडल्या जातात. फक्त बोर्डापुढे ‘सॉरी सर, मला माहीत नाही’वर थांबता येतं. कंपनीत त्याला शेपूट जोडावं लागतं: ‘एक्सेलमधलं पिव्होट टेबल वापरलेलं नाही, पण हीच बेरीज मी फॉर्म्युल्याने करत आलोय.’

कपड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बोर्डापुढे फॉर्मल किंवा साडी. कंपनीत इस्त्रीचा साधा शर्ट बहुतेक ठिकाणी पुरतो, शंका असेल तर एचआरला आधी फोन करावा. ऑनलाइन असेल तर खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो.

राहिली ती गेलेली वर्षं. बोर्डापुढे किती प्रयत्न झाले यात लाज वाटण्यासारखं काही नसतं, तिथे पोचलेल्या अनेकांचे दोन-तीन झालेले असतात. कंपनीत मात्र उमेदवार त्या चार वर्षांवरून घाईघाईने पुढे सरकतात, आणि मग समोरच्यालाच संशय येतो. दोन वाक्यांत सरळ सांगावं: तयारी केली, अमुक टप्प्यापर्यंत पोचलो, आता थांबलोय. ‘थांबलोय’ हा शब्द महत्त्वाचा, कारण मॅनेजरला खरी भीती असते ती तुम्ही पुढच्या पूर्वपरीक्षेला रजा मागाल याची. मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, यूपीएससी स्वतःच प्रतिभा सेतू पोर्टलवरून नोकरी देणाऱ्यांपुढे ठेवते. आयोगाला ज्याची लाज वाटत नाही ते आपण का लपवायचं?

आणि पगार. बोर्डापुढे हा विषयच निघत नाही. आयएएस-आयपीएसची सुरुवात वेतन स्तर १० वर, मूळ वेतन ५६,१०० रुपये. सातव्या वेतन आयोगाने ते ठरवून ठेवलंय. कंपनीत आकडा बोलण्यातून ठरतो, तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नये. आधी चार ठिकाणी चौकशी करून एक पट्टा मनात धरावा, आणि सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे, हेही लक्षात ठेवावं. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बहुतेक ठिकाणी त्यातच मोजतात, म्हणून ६ लाखांच्या पॅकेजला महिन्याला ५० हजार हातात पडत नाहीत.

त्या मुलीला आम्ही घेतलं, पुरवठादारांचा प्रश्न सोडला तर बाकी ती चोख होती. शेवटी एचआरने विचारलं, ‘तुमची अपेक्षा किती?’ ती आणखी ताठ बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, नियमाप्रमाणे जे असेल ते.’ आमच्याकडे नियम नव्हता. पाच ते साडेसहा लाखांचा पट्टा होता. एचआरने पाच लिहिले.