पुन्हा इन्स्टॉल केलं तरी जुनंच सेटिंग का येतं?

दिवाळीच्या सुमारास जामनेर, धरणगाव, बोदवडकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या भुईकाट्यावर लागू लागतात. काट्याचा डिस्प्ले सिरियल केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असतो. नव्या कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. हा कन्व्हर्टर साफसफाईत काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टात खोचला, की विंडोज त्याला पुष्कळदा नवा नंबर देते. काल कॉम ३ होता, आज कॉम ५. सॉफ्टवेअर मात्र कॉम ३ वरच वजनाची वाट पाहत बसतं. मग कोणीतरी ते अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकतं, तरी पडद्यावर शून्यच.

फाइली नव्या आल्या, पण पोर्टचा नंबर फाइलीत नव्हताच. तो होता विंडोजच्या रजिस्ट्रीत.

पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज स्वतःच्या आयएनआय फाइलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, ठेवायचा. १९९५च्या विंडोज ९५पासून ती एका सामाईक कोठारात ठेवायची पद्धत रुळली. ते कोठार म्हणजे रजिस्ट्री. तिच्यात कप्प्यात कप्पे असतात आणि कप्प्यांत नोंदी. कप्प्याला ‘की’ म्हणतात, नोंदीला ‘व्हॅल्यू’. अख्ख्या कॉम्प्युटरसाठीची सेटिंग्ज ‘लोकल मशीन’ या शाखेत, तर लॉगिन केलेल्या माणसाची ‘करंट यूजर’ या शाखेत असतात.

अनइन्स्टॉलर सहसा इन्स्टॉलरने केलेल्याच नोंदी काढतो. प्रोग्रॅमने पुढे वापरात असताना लिहिलेल्या नोंदी त्याला ठाऊक नसतात, त्या तशाच राहतात. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या शेतातच राहिल्या की बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, तसंच हे. त्यात पुष्कळ इन्स्टॉलरमध्ये ‘नोंद आधीच असेल तर हात लावू नको’ अशी सूचना असते. अपडेट करताना ग्राहकाची सेटिंग्ज पुसली जाऊ नयेत म्हणून ती योग्यच आहे. इथे मात्र तिच्यामुळेच कॉम ३ जिवंत राहतो.

म्हणून इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याने करायच्या कामांच्या यादीत, जुनी नोंद काढण्याचं काम लिहावं लागतं. त्याचे रस्ते अनेक आहेत. बॅच फाइलीत, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत, ‘रेग डिलीट’ ही आज्ञा चालते. तिला ‘व्ही’ स्विचसोबत (स्विच म्हणजे आज्ञेला जोडायची खूण) नोंदीचं नाव दिलं तर तेवढी एक नोंद जाते, नाव न देता नुसता कप्पा दिला तर पोटातल्या सगळ्या कप्प्यांसकट तो जातो. ‘एफ’ स्विच दिला नाही तर आज्ञा हो-नाही विचारत थांबते, आणि खिडकी लपवून चालणारं इन्स्टॉलेशन तिथेच अडकून पडतं. रेग फाइल, म्हणजे रजिस्ट्रीतले बदल लिहिलेली फाइल, वापरत असाल तर चौकोनी कंसात कप्प्याच्या नावाआधी उणे चिन्ह घातलं की अख्खा कप्पा जातो, आणि नोंदीच्या नावापुढे बरोबर-उणे लिहिलं की फक्त ती नोंद. इनो सेटअप आणि एनएसआयएस ही इन्स्टॉलर बनवायची साधनं. इनो सेटअपमध्ये रजिस्ट्री विभागात ‘डिलीट व्हॅल्यू’ आणि ‘डिलीट की’ असे फ्लॅग आहेत, एनएसआयएसमध्ये ‘डिलीट रेग व्हॅल्यू’ आणि ‘डिलीट रेग की’ या आज्ञा.

आज्ञा एका ओळीची आहे. चूक होते ती जागेत.

६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्रॅम लोकल मशीनच्या ‘सॉफ्टवेअर’ कप्प्यात लिहायला गेला, तर विंडोज त्याला गुपचूप ‘वॉव ६४३२ नोड’ या वेगळ्या कप्प्यात वळवते. ३२ बिटच्या इन्स्टॉलरने ‘रेग’ चालवलं तर ते रेगही ३२ बिटचंच उघडतं आणि त्याच वळणाने जातं. त्यामुळे एकच स्क्रिप्ट हाताने चालवली की एका जागी पुसते आणि इन्स्टॉलरमधून चालवली की दुसऱ्या. ‘हाताने तर बरोबर चाललं होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. आज्ञेत ‘रेग ६४’ किंवा ‘रेग ३२’ हा स्विच स्पष्ट लिहिला की संदिग्धता राहत नाही.

दुसरी गफलत माणसाच्या खात्याची. काट्यावरच्या मुनीमजींचं खातं साधं असतं. इन्स्टॉल करायला आलेला तंत्रज्ञ अॅडमिनच्या खात्याचा पासवर्ड टाकतो. त्या क्षणापासून स्क्रिप्टसाठी ‘करंट यूजर’ म्हणजे अॅडमिन, मुनीमजी नव्हेत. अॅडमिनची नोंद पुसली जाते, मुनीमजींची तशीच राहते. करंट यूजरमधली नोंद इन्स्टॉलरने न पुसता, प्रोग्रॅमनेच पहिल्यांदा उघडताना त्या त्या माणसाच्या खात्यातून पुसावी. हा मार्ग सगळ्यात खात्रीचा.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. एकाच कंपनीचं काट्याचं सॉफ्टवेअर आणि बिलाचं सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाच्या एकाच कप्प्यात राहतात. काट्याच्या इन्स्टॉलरने वरचा कप्पाच उडवला, तर बिलाचं लायसन्सही गेलं. आपल्या प्रोग्रॅमचा आतला कप्पा तेवढा काढावा आणि वरचा ‘रिकामा असेल तरच’ काढावा. इनो सेटअप आणि एनएसआयएस, दोन्हींत तशी सोय आहे. कप्प्याचं नाव व्हेरिएबलमधून, म्हणजे स्क्रिप्टने तात्पुरत्या साठवलेल्या मजकुरातून, येत असेल तर ते रिकामं नाही ना, हे आधी तपासायलाच हवं. बॅच फाइलीत व्हेरिएबल भरलेलं नसेल तर त्याच्या जागी काहीच उरत नाही, आणि पुसायचा पत्ता थेट वरच्या कप्प्यावर जाऊन ठेपतो. रजिस्ट्रीला रिसायकल बिन नाही. रजिस्ट्री एडिटरमध्येही केलेलं मागे घेता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी प्रोग्रॅम बंद करा, कारण बरेच प्रोग्रॅम बंद होताना सेटिंग्ज परत लिहितात आणि पुसलेला कॉम ३ पुन्हा उगवतो. मग ‘रेग एक्सपोर्ट’ने तो कप्पा फाइलीत उतरवून घ्या. भारनियमनाच्या भागात तर हे टाळूच नये. वीज गेली तरी रजिस्ट्रीच्या फाइली विंडोज स्वतःच्या लॉगवरून सावरते, पण पाचपैकी तीन नोंदी पुसून थांबलेली स्क्रिप्ट सावरत नाही. त्यानंतर ‘रेग क्वेरी’ने नोंद आहे का ते पाहा आणि असेल तरच पुसा. नसलेली नोंद पुसायला गेलं की आज्ञा चूक झाल्याचा १ हा कोड परत देते, आणि तो तपासणारा इन्स्टॉलर कारण नसताना थांबतो. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची आज्ञा चालवायची दुसरी सोय, वापरत असाल तर ‘रिमूव्ह आयटम’ला ‘व्हॉट इफ’ जोडून आधी एकदा चालवा. काय पुसलं जाईल ते दिसतं, पुसलं काहीच जात नाही.

विंडोज आपली रजिस्ट्री आपोआप जपत असेल, या भरवशावर राहू नका. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून ‘रेग बॅक’ फोल्डरमध्ये आपोआप प्रत ठेवणं बंद झालं आहे. म्हणून रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय, मुद्दाम करून ठेवावा.

आणि कॉम्प्युटर जोरात चालावा म्हणून रजिस्ट्री साफ करायची असेल, तर ते सोडून द्या. पडून राहिलेल्या शे-दोनशे नोंदींनी वेगात जाणवेल असा फरक पडत नाही, आणि असल्या क्लीनर सॉफ्टवेअरला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. काढायची ती नेमकी अडणारी नोंद. काट्याच्या बाबतीत ती एकच आहे, पोर्टच्या नंबराची. ती पुसली, इन्स्टॉलरने कॉम ५ लिहिला, की गाडी काट्यावर चढताच आकडे हलू लागतात.