किल्लारी: पंचनाम्यापासून पुनर्वसनापर्यंत

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. लातूर जिल्ह्यातला औसा (किल्लारी याच तालुक्यातले गाव) आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला उमरगा या दोन तालुक्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. इतर अंदाज त्याहून बरेच वर जातात.

इशारा मिळालाच नव्हता असे नाही. १९९२ मध्येच किल्लारीत लहान धक्के जाणवत होते. पण देशाच्या भूकंप नकाशात हा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. १९६७ च्या कोयना भूकंपाचे खापर धरणावर फुटले होते, त्यामुळे असा धोका धरणाजवळच असतो असे मानून मराठवाडा निर्धास्त राहिला.

इतकी माणसे का गेली, हे घरे पाहिल्यावर कळते. चिखलात रचलेल्या दगडी भिंती, काही ठिकाणी चार-पाच फूट रुंद. आतला आणि बाहेरचा पदर वेगळा, मध्ये भर. दोन्ही पदर जखडणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर. उन्हाळ्यात घर गार राहावे आणि पावसात गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. पिढ्यान्‌पिढ्या साचलेले हे वजन झोपलेल्या माणसांवर आले. अनेक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती तेवढ्या ढासळल्या.

लष्कर ढिगारे उपसायला आले, त्यात पाऊस लागला. अंत्यविधीही अवघड झाले. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते अडवले ते वेगळेच.

हानीच्या पाहणीतून गावांचे वर्ग पडले. जवळपास जमीनदोस्त झालेली ५२ गावे 'अ' वर्गात, म्हणजे नव्या जागी वसवायची. कमी नुकसान झालेल्या 'क' वर्गातल्या गावांनी आहे तिथेच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे. पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांकडून आला.

नव्या गावात घर किती मोठे मिळणार, हे नावावर किती जमीन आहे त्यावर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. माझ्या मते पाहणीचा सगळ्यात कच्चा दुवा हाच. पडलेल्या घरांची मोजदाद झाली, पण त्यात राहणारी माणसे, जनावरे, कडबा यांचा हिशेब कुणी धरला नाही. चौकोनी आखणीच्या, रुंद रस्त्यांच्या वसाहतीत शेजार पांगला, शेत लांब पडले आणि पक्क्या घरापुढे पत्र्याची शेड उभी राहिली.

'क' वर्गाचे काम त्या मानाने कमी गाजले, पण मला ते जास्त मोलाचे वाटते. तिथे घरमालकाने स्वतः बांधायचे होते. गावातल्याच महिला 'संवाद सहायक' म्हणून घरोघरी जाऊन अनुदान आणि बांधकामाची माहिती देत होत्या. सुमारे दोन लाख घरांपर्यंत हा कार्यक्रम पोचला.

२००१ मध्ये भुजचा भूकंप झाला, तेव्हा गुजरातने सरसकट स्थलांतर टाळले. बहुतेक ठिकाणी घरमालकाला हप्त्याने पैसे देऊन त्यालाच बांधू दिले. पुढच्याच वर्षी भूकंप नकाशा सुधारला गेला आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्या विभागात गेला.