पार्श्वभूमी : तीन नवी गाणी, दोन अकूस्टिक

पॉप गायक-गीतकारांच्या ईपीचा, म्हणजे अल्बमहून छोट्या संग्रहाचा, साचा आता ठरल्यासारखा आहे. तीन नवी गाणी, आणि त्यातल्याच दोहोंची अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांविना नुसत्या गिटारवर नाहीतर पियानोवर गायलेली रूपं. ही निव्वळ भरती, असं म्हणणारे पुष्कळ.

तशी ईपी पहिल्यापासून भरतीचीच. १९५२ मध्ये अमेरिकेत ती आली, ७ इंची तबकडीवर दोनऐवजी चार गाणी बसवणारी. भावगीतांच्या ईपी घरात असणाऱ्यांना अधिक सांगायला नको. इंग्लंडात एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी, न परवडणाऱ्या पोरांना कंपन्या त्याच एलपीतली चार गाणी वेगळी काढून विकत. पुढे १९७७ मध्ये मँचेस्टरच्या एका पंक बँडने उसन्या ५०० पौंडांत स्वतःची ईपी काढली, आणि नवख्यांना वाट सापडली.

अकूस्टिकला मान मिळाला तो टीव्हीमुळे. १९८९ मध्ये एका अमेरिकन वाहिनीने ‘अनप्लग्ड’, म्हणजे अकूस्टिक, मैफली सुरू केल्या. खरा वाद पेटला तो १९९३ च्या ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांत. एका इंग्लिश गिटारवादकाने आपलं १९७० चं गाणं अशा मैफलीत खुर्चीत बसून, लय उतरवून गायलं. मूळ गाण्याची ओळख असलेली इलेक्ट्रिक गिटारची ती धारदार ओळच त्यात नाही. त्याला बक्षीस मिळालं ‘सर्वोत्तम रॉक गाण्या’चं! हे बक्षीस रचनेचं, गायकीचं नव्हे. आणि रचना तर २२ वर्षांची. त्याच यादीत सिअ‍ॅटलकडच्या बँडचं, अख्ख्या पिढीच्या तोंडी बसलेलं १९९१ चं गाणं होतं. ते हरलं. नुसतं गायनाचं बक्षीस दिलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण अकूस्टिक रूप म्हणजे नवं गाणं, ही समजूत त्या निकालाने पक्की केली.

स्ट्रीमिंगने या समजुतीचा हिशेबच मांडला. बड्या सेवांवर ४ ते ६ ट्रॅक आणि ३० मिनिटांच्या आतलं ते ईपी. नेहमीच्या लांबीची तीनच गाणी दिली तर ‘सिंगल’. दोन अकूस्टिक रूपं जोडली की आकडा पाचावर जातो. शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगची मोजणी वेगळी, रचना मात्र एकच. गाणं स्वतःच लिहिलेलं असेल तर दोन्ही रूपांवरचं रचनेचं मानधन त्याच गायकाकडे येतं. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, गाणाऱ्याला ही सोय नाही.