देवघेवीचा काउंटर फोनवर कसा आला

ग्रंथालयांच्या मोबाईल सेवेची गोष्ट बहुतेक जण २००७ च्या आयफोनपासून सांगायला घेतात. पण फोनवर पुस्तक सापडायचं, तर त्याची नोंद आधी यंत्राला वाचता येईल अशी झालेली असावी लागते, आणि ते काम १९६० च्या दशकातलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या मूळच्या प्रोग्रॅमर बाईंनी तालिकापत्रावरच्या, म्हणजे पुस्तकाची माहिती लिहिलेल्या कार्डावरच्या, एकेका तपशिलाला ठरावीक आकडा दिला. लेखकाचं नाव १००, शीर्षक २४५. हेच ‘मार्क’, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या नोंदीचं स्वरूप. तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, करणारे आजही हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगतील.

कार्डांनी मात्र सहजासहजी जागा सोडली नाही. ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था १९७१ पासून ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवत होती. तिने शेवटची कार्डं छापली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. तोवर आकडा सुमारे १ अब्ज ९० कोटींवर गेला होता आणि ॲपलचं ‘ॲप स्टोअर’ उघडून सात वर्षं झाली होती.

फोनवरची पहिली खरी उपयोगी सेवा आली ती साध्या एसएमएसमधून. पहिला एसएमएस डिसेंबर १९९२ मध्ये गेला, पण त्याची १६० अक्षरांची मर्यादा त्याआधीच ठरली होती. १९८५ च्या सुमाराला फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली. लोक पोस्टकार्डावर किती लिहितात, हेही त्याने पाहिलं. आणि ‘आपण राखून ठेवायला सांगितलेले पुस्तक आले आहे’ असं कळवायला ग्रंथालयं वापरत होती तीही पोस्टकार्डंच! मुदत संपत आली, राखीव पुस्तक आलं, मुदत उलटली. ग्रंथालयाला वाचकाला कळवायचं असतं ते बहुतेक एवढंच, आणि ते एसएमएसमध्ये मावत होतं.

देवनागरीत मात्र मावत नव्हतं. रोमन लिपीत १६० अक्षरं जातात तिथे देवनागरीत एका संदेशात फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘पुस्तक’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द सहा जागा खातो. ‘आपण नेलेल्या पुस्तकाची मुदत उद्या संपत आहे. कृपया परत करावे.’ एवढं लिहिलं की ६० जागा गेल्या. पुस्तकाचं नाव घालायला उरल्या दहा. वर गेलात की दोन संदेशांचे पैसे. मराठी मजकूर रोमन लिपीत पाठवण्याचा मोह होतो तो यामुळे.

संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देणं, हीही एसएमएसवर आणून पाहिली गेली. अमेरिकेतल्या साउथईस्टर्न लुइझियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००५ मध्ये वाचकांचे प्रश्न असे घ्यायला सुरुवात केली. कल्पना चांगली, पण संदर्भसेवेचा जीव उलटतपासणीत असतो. ‘शेतीवर काही आहे का?’ असं विचारणाऱ्याला ग्रंथपाल काउंटरवर दोन प्रश्न विचारतो आणि त्याला मातीपरीक्षणाबद्दल हवं होतं हे बाहेर येतं. एसएमएसवर प्रत्येक उलट प्रश्न म्हणजे एक फेरी. तिसऱ्या फेरीला वाचक गळतो. सोप्या, एका ओळीच्या प्रश्नांना मात्र ती सोय उत्तम होती.

पुढे वॅप, म्हणजे साध्या फोनवर इंटरनेट दाखवण्याची जुनी पद्धत, आलं आणि गेलं. नोव्हेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला ओपन युनिव्हर्सिटीत ‘एम-लायब्ररीज’ (मोबाईल ग्रंथालयं) ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि विषयाला नाव मिळालं. त्यानंतरची काही वर्षं मला गमतीची वाटतात. अनेकांनी अख्खं संकेतस्थळच फोनवर कोंबलं: इतिहास, नियमावली, अध्यक्षांचं मनोगत. फोन घेऊन कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला हवं होतं ते इतकंच: पुस्तक आहे का, कुठल्या फळीवर, आणि तुम्ही बंद कधी करता. २०१० मध्ये ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने पडद्याच्या मापाप्रमाणे पान आपोआप जुळवून घेण्याची रीत मांडली आणि दोन-दोन संकेतस्थळं सांभाळण्याची कटकट तरी संपली. क्यूआर कोडचंही तसंच. मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला १९९४ मध्ये जपानमध्ये निघालेला हा चौकोन ग्रंथालयांनी हौसेने जागोजागी चिकटवला, पण तो वाचायला वेगळं ॲप लागत होतं. फोनचा कॅमेराच तो वाचू लागल्यावर त्याला अर्थ आला.

पुस्तक स्वतःच फोनवर आलं ते ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपामुळे. २००७ च्या या मानकात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने ओळी पाडतो. पीडीएफसारखं पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागत नाही. ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या ओव्हरड्राइव्ह कंपनीने २०१७ मध्ये लिबी हे ॲप आणल्यावर घरबसल्या पुस्तक नेणं फारच सोपं झालं. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत, दंड नाही. पण बऱ्याच परवान्यांत एक प्रत एका वेळी एकालाच मिळते, त्यामुळे डिजिटल पुस्तकालाही रांग लागते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने तर एक ई-प्रत २६ वेळा दिल्यावर ग्रंथालयाने ती पुन्हा विकत घ्यावी, असा नियम केला आणि ग्रंथपाल भडकले.

पैसा नसलेल्या ग्रंथालयांसाठी वाट उघडली ती न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांनी. २००० साल उजाडताना त्यांची जुनी संगणक प्रणाली नवं साल न ओळखता कोलमडणार होती, म्हणून त्यांनी ‘कोहा’ ही नवी प्रणाली बनवून घेतली आणि सगळ्यांसाठी मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तालिका, देवघेव, फोनवर चालणारा शोध आणि एसएमएसची जोडणी, सगळं तीत आहे.

तरी सगळ्यात नेहमीची तक्रार बदललेली नाही. वाचक फळीसमोर उभा, हातातल्या फोनवर वर्गांक (पुस्तकाची फळीवरची जागा सांगणारा आकडा) आणि हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’, फळीवर मात्र त्या जागी फट. पुस्तक सकाळीच परत आलंय, काउंटरवर त्याचा बारकोडही वाचलाय. ते मागच्या ढकलगाडीवर आहे, कुणीतरी फळीवर लावेल याची वाट बघत.