लक्षद्वीपला जायचंय? आधी परवाना, मग तिकीट

लक्षद्वीप आपल्याच देशात आहे, त्यामुळे पासपोर्ट किंवा व्हिसाचा प्रश्न येत नाही. प्रवेश परवाना मात्र लागतो, आणि बेटांवरचे मूळ रहिवासी सोडले तर तो जवळपास सगळ्यांनाच लागतो. 1967 साली केलेल्या प्रवेश-निर्बंध नियमांपासून ही पद्धत चालत आलेली आहे. तिथे नेमणुकीवर असलेले सरकारी कर्मचारी, ड्युटीवरचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय यांनाच त्यातून सूट आहे.

'एवढी कागदपत्रं कशाला?' असं वैतागून विचारणाऱ्यांना मी एकच सांगते. बेटं 36, त्यातल्या 10 वर वस्ती, सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473 होती आणि त्यात बहुसंख्य अनुसूचित जमातीचे. वाळूखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की तोही मचूळ होतो. अशा ठिकाणी येणाऱ्यांची मोजदाद ठेवावीच लागते.

परवान्यावर बेटांची नावं लिहिलेली असतात आणि तुम्हाला तेवढ्याच बेटांवर जाता येतं. अगत्तीचा परवाना घेऊन 'आलोच आहोत तर मिनिकॉयही बघू' असं करता येत नाही. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी बेटं ठरवा. मित्र किंवा नातेवाईक परदेशी नागरिक असतील, तर त्यांना अगत्ती, बंगाराम आणि कदमत एवढीच बेटं खुली आहेत. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असलं तरी परवाना चुकत नाही.

अर्जाच्या वाटा दोन. पहिली म्हणजे लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेची किंवा नोंदणीकृत सहल कंपनीची पॅकेज सहल. यात तुम्ही कागद द्यायचे आणि परवान्याची धावपळ त्यांनी करायची. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, त्यातून घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर, हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी वाट स्वतः जाण्याची. त्यासाठी बेटावरचा कुणी रहिवासी किंवा होमस्टेवाला तुमचा प्रायोजक व्हावा लागतो आणि तसं घोषणापत्र तो देतो. अर्ज ईपरमिट डॉट यूटीएल डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. प्रत्येकाचा वेगळा तपशील, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी एक ओळखपत्र. शुल्काचे दोन भाग असतात, अर्जाचं आणि हेरिटेज शुल्क. मुलांचं नि मोठ्यांचं वेगळं असलं, तरी माणशी काहीशे रुपयांत भागतं.

खरा वेळ जातो तो पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रात. महाराष्ट्रात हा अर्ज ऑनलाइन करता येतो. मग तो तुमच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जातो, तिथून बोलावणं येतं, पडताळणी होते आणि मग दाखला मिळतो. माझ्या सासऱ्यांच्या आधारवर नाशिकच्या जुन्या वाड्याचा पत्ता होता आणि राहणं नव्या फ्लॅटमध्ये. ठाण्यातल्या हवालदारांनी दोन्ही पत्ते शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "आजोबा, या दोन्हींतलं खरं घर कोणतं?" वीजबिल आणि सोसायटीचा दाखला जोडून पुन्हा जावं लागलं. त्यात अकरा दिवस गेले. तेव्हा आधारवरचा पत्ता आणि नावाचं स्पेलिंग आधी तपासा आणि प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी या कामाला लागा.

परवाना हातात आल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशांचं तिकीट काढू नका.

जाण्याचं मुख्य दार कोची. आपल्याकडून 'मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस' नाशिक, कल्याण, पनवेल, रत्नागिरीवरून थेट एर्णाकुलमला पोचवते. कोचीच्या विलिंग्डन बेटावरून प्रवासी जहाजं सुटतात आणि बेटानुसार 14 ते 18 तास घेतात. विमानतळ एकट्या अगत्तीला आहे. धावपट्टी आखूड, त्यामुळे लहान विमानंच उतरतात आणि सामानाची मर्यादाही कमी. कोचीहून साधारण दीड तास लागतो. 2024 पासून गोव्याहूनही अगत्तीची सेवा सुरू झाली. कोकण नि गोव्याच्या लोकांना ती सोयीची, पण वेळापत्रक बदलतं, म्हणून आधी खात्री करा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जहाजाच्या सहली बंद असतात. मुलांच्या सुट्टीत जायचं तर दिवाळी किंवा नाताळ धरा.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला वेगवान बोटी आहेत. त्यांची तिकिटंही परवान्यातल्या बेटांप्रमाणेच काढायची. कित्येक बेटांशी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, ते प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं. मग जहाजाच्या कुशीतल्या दारातून छोट्या होडीत उतरायचं. होडी लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. खलाशी तुमचं मनगट घट्ट धरतो आणि होडी वर आली की त्याच क्षणी पाऊल टाकायला लावतो. सासूबाई साडीत होत्या, त्यांना दोघांनी अलगद उचलून आत ठेवलं. गुडघे दुखत असतील तर पॅकेज घेतानाच तसं सांगून ठेवा, आणि उतरायच्या दिवशी सलवार-कमीज किंवा पँट घाला, हात मोकळे ठेवा. बेटावर मग सायकल, रिक्षा नाहीतर पायी. रोख पैसे जवळ बाळगा.

उतरल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवून नोंद करायची. छापील प्रती दोन-तीन ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, बाटली बरोबर नेऊ नका. परतताना बॅगेत प्रवाळाचा तुकडाही आणू नका. किनाऱ्यावर मेलेला पडलेला दिसला तरी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली तो गुन्हा आहे. मुलांच्या खिशांत काय आहे, तेही निघण्यापूर्वी बघून घ्या.